डिमेन्शियाच्या गोळ्या लागू पडतायत का, हे कशावरून ठरवायचं?

प्रश्न : आई ७८ वर्षांची आहे. वर्षापूर्वी तिला अल्झायमरचं निदान झालं. आठ महिन्यांपासून डोनेपेझिल चालू आहे, आधी ५ आणि नंतर १० मिलिग्रॅम. तीन महिन्यांपूर्वी त्यात मेमँटिनची भर पडली. सुरुवातीला स्मरणशक्तीच्या चाचणीत ३० पैकी २१ गुण होते, परवा २० आले. दोन-तीन महिन्यांनी येणारा भाऊ म्हणतो, आई खालावतच चाललीय, गोळ्या बंद करा. आईजवळ मी राहते. मला कधी फरक वाटतो, कधी वाटतं मीच मनाची समजूत घालतेय. या आठ महिन्यांत तिचं वजन ५४ वरून ५० किलोंवर आलंय. गोळ्यांचा उपयोग होतोय की नाही, हे ओळखायचं कसं?

उत्तर : वजनापासून सुरुवात करते, कारण बाकीच्या गोष्टी दोन आठवडे लांबल्या तरी चालतील, ही लांबवू नये. ५४ चे ५० म्हणजे सात टक्क्यांहून जास्त घट. या वयात सहा महिन्यांत पाच टक्के वजन उतरलं तरी आम्ही कारण शोधायला लागतो. डोनेपेझिलनं मळमळतं, भूक मरते, जुलाब होतात, आणि डिमेन्शियाच्या रुग्णाला ते सांगता येतंच असं नाही. माणूस नुसता अर्ध्यावरून उठून जातो. थायरॉइड, सैल झालेली कवळी, उदासी, गिळताना होणारा त्रास, खुद्द अल्झायमर, अशी इतरही कारणं असू शकतात, पण संशयितांत ही गोळी वरच्या नंबरावर आहे. याच आठवड्यात डॉक्टरांच्या कानावर घाला. त्याबरोबर आईंची नाडी पूर्ण एक मिनिट मोजा. या गोळीनं हृदयाचे ठोके मंदावू शकतात. ५० च्या खाली नाडी असेल, किंवा त्यांना घेरी येत असेल, त्या एकदाही भोवळ येऊन पडल्या असतील, तर लगेच ईसीजी काढून घ्या.

आता तुमचा मूळ प्रश्न. २१ चे २० झाले, यावरून काय समजायचं? खरं सांगायचं तर काहीच नाही. औषध न घेणाऱ्या अल्झायमरच्या रुग्णाचे या चाचणीतले गुण सरासरी वर्षाला तीनेक कमी होतात, म्हणजे आठ महिन्यांत दोन. तुमच्या आईंचा एकच गेला, म्हणजे एक वाचला, असा हिशेब मांडायचा मोह होतो. पण हीच चाचणी त्याच माणसाची मंगळवारी आणि शुक्रवारी घेतली तरी दोन-तीन गुणांचा फरक पडतो. रात्री झोप झाली नव्हती, चष्मा घरी राहिला, चाचणी घेणारी व्यक्ती हळू आवाजात बोलली, एवढंही पुरतं. कानातला मळ काढल्यावर गुण वाढलेले मी पाहिलेत. त्यामुळे एका गुणावरून ना तुम्ही जिंकता, ना भाऊ.

गोळीकडून काय अपेक्षा धरायची हेही स्पष्ट करते, कारण बहुतेक घरांत इथंच गफलत होते. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन आणि गॅलँटामिन ही तीन औषधं एकाच जातीची. मेंदूत अ‍ॅसिटिलकोलिन नावाचं रसायन पेशींमधले निरोप पोचवतं. अल्झायमरमध्ये ते कमी पडतं, आणि उरलेलं लवकर मोडू नये अशी सोय या गोळ्या करतात. पेशी मरायच्या त्या मरतच राहतात. सहा महिन्यांच्या चाचण्यांमध्ये, ७० गुणांच्या मोजपट्टीवर गोळी घेणारे आणि न घेणारे यांच्यात सरासरी दोन-तीन गुणांचा फरक दिसला. तुमच्या आईंच्या ३० गुणांच्या चाचणीवर तो साधारण एका गुणाचा. ही सरासरी आहे. तिच्या पोटात काहींना घरच्यांच्या डोळ्यांत भरेल असा फायदा आणि बऱ्याच जणांना शून्य, असं दोन्ही दडलेलं असतं. तुमच्या आई यांतल्या कुठल्या, ते कुठलाही रक्ततपास किंवा स्कॅन आधी सांगू शकत नाही.

म्हणूनच ‘आई सुधारली का?’ हा प्रश्न विचारला की उत्तर जवळजवळ नेहमी ‘नाही’ येतं. विचारायला हवं ते हे, की गोळी नसती तर आज त्या कुठं असत्या? आणि ती गोळी न घेतलेली आई कुणालाच दिसत नाही, ही खरी अडचण आहे. भाऊ दोन-तीन महिन्यांनी येतो, त्याला प्रत्येक वेळी एक पायरी खाली गेलेली आई भेटते. तुम्ही रोज बघता, तुमच्या नजरेला हळूहळू सवय होत जाते. त्यात तुमची स्वतःची झोप झाली नसेल त्या आठवड्यात आई जास्त बिघडल्यासारखी वाटणार. दोघंही खोटं बोलत नाही आहात. दोघांचीही फूटपट्टी सरकती आहे, एवढंच.

ती पक्की करायला कागद लागतो. मी माझ्या प्रत्येक रुग्णाच्या घरच्यांना गोळी सुरू करायच्या आधी तीन गोष्टी लिहून आणायला सांगते. तीनच. ‘स्मरणशक्ती’, ‘वागणूक’ असले शब्द त्यात चालत नाहीत, कारण ते मोजता येत नाहीत. रोज घडणारी, डोळ्यांना दिसणारी, मोजता येईल अशी कृती हवी.

एक उदाहरण माझ्या मनातून जात नाही. एक बाई आपल्या यजमानांना दिवसभर ‘आज कोण येणार आहे?’ असं विचारायच्या. यजमानांनी जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं रेघा मारायला घेतल्या, सकाळच्या आंघोळीपासून दुपारच्या जेवणापर्यंत, प्रत्येक प्रश्नाला एक रेघ. गोळी सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यातल्या रेघा ३१, २८, ३४ अशा होत्या. पूर्ण डोस सुरू होऊन दहा आठवडे झाले, तेव्हाच्या १२, १५, ११. चाचणीतले गुण मात्र जिथल्या तिथं. आज वार कोणता, हे त्यांना तेव्हाही सांगता येत नव्हतं आणि नंतरही आलं नाही. ते गृहस्थ मला म्हणाले, ‘पूर्वी मी उत्तर देत असतानाच ती पुन्हा विचारायची. आता ती उत्तर ऐकून घेते.’ गोळीचा फायदा दिसतो तो बहुतेक वेळा असा. आठवण परत येत नाही, लक्ष थोडं जास्त वेळ टिकतं.

म्हणून कुठं बघायचं तेही सांगते. कालचं आठवतं का, हे विचारून पाहू नका, त्यात फरक क्वचितच पडतो आणि आईंना उगाच ओशाळवाणं होतं. बघायचं ते लक्ष आणि पुढाकार. त्या आपणहून एखादं काम हाती घेतात का, चार माणसांच्या गप्पांत मध्येच एखादं समर्पक वाक्य टाकतात का, ब्लाउजची हुकं लावताना किती वेळा थांबतात, ‘आता काय करायचं?’ असं आंघोळीच्या वेळी किती वेळा विचारतात, टीव्ही नुसता समोर चालू असतो की त्या तो बघतात. यांतल्या तीन निवडा. आठवड्यातले ठरलेले दोन दिवस, शक्यतो त्याच वेळी, दोन ओळी लिहा. रोज लिहायला घेतलं तर पंधरा दिवसांत वही बंद पडते, हा माझा अनुभव आहे.

घरच्यांनी ठरवलेल्या गोष्टींवर औषध तोलायची ही पद्धत संशोधनातही वापरली गेली आहे. कॅनडात केनेथ रॉकवुड यांच्या गटानं गॅलँटामिनसाठी ती वापरली, तो अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. ठरवलेल्या उद्दिष्टांवर डॉक्टरांच्या नजरेला गोळीचा फायदा दिसला. रुग्ण आणि घरच्यांच्या नजरेला मात्र खरी गोळी घेणारे आणि साखरेची गोळी घेणारे यांच्यात ठळक फरक दिसला नाही, कारण साखरेच्या गोळीवरही घरच्यांना बरं वाटत होतं. तुम्हाला जी शंका येते, मनाची समजूत घालण्याची, ती अगदी रास्त आहे. रेघा मोजायच्या त्या यासाठीच.

तुम्ही आधीची नोंद ठेवलेली नसणार, बहुतेक जण ठेवत नाहीत. तरी वाट आहे. मोबाइलमधले आठ-नऊ महिन्यांपूर्वीचे व्हिडिओ काढा, एखाद्या कार्यक्रमातले, नातवंडांबरोबरचे. त्यात आई कुणाशी बोलतायत, वाक्य पूर्ण करतायत का, हाक मारल्यावर किती वेळानं बघतायत, ते भावासोबत बसून बघा. आणि आजपासून नोंद सुरू करा. गोळी कमी करायची वेळ आली तर तीच तुमची सुरुवातीची नोंद ठरेल.

वेळेचा हिशेब असा : डोनेपेझिल ५ मिलिग्रॅमवर चार ते सहा आठवडे ठेवून मग १० करतात. पोटाचा त्रास डोस वाढवल्या वाढवल्या होतो, फायदा मागून येतो. पूर्ण डोसवर तीन महिने झाल्याशिवाय निकाल लावू नये, आणि सहा महिन्यांनी पुन्हा बघावं. तुमचे ते सहा महिने भरत आलेत, म्हणजे निर्णयाची वेळ योग्य आहे.

पण त्याआधी आणखी एक झाडाझडती घ्यायला हवी. आईंच्या बाकीच्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या एका पिशवीत भरा, दुकानातून परस्पर आणलेल्यासुद्धा, आणि डॉक्टरांच्या टेबलावर ओता. सर्दीच्या नि खाजेच्या जुन्या गोळ्या, म्हणजे क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन; झोपेसाठी किंवा दुखण्यासाठी दिलेली अमिट्रिप्टिलिन; लघवी आवरत नाही म्हणून दिलेली ऑक्सिब्युटिनिन; कंपासाठी दिलेली ट्रायहेक्सिफेनिडिल. या सगळ्या गोळ्या त्याच अ‍ॅसिटिलकोलिनचं काम अडवतात, जे वाढावं म्हणून तुम्ही डोनेपेझिल देताय. एक चक्र मी इतक्या वेळा पाहिलंय की आता पहिल्या भेटीतच विचारते. डोनेपेझिलनं लघवीची घाई होते. कुणी तरी ऑक्सिब्युटिनिन लिहून देतं. तिनं गोंधळ वाढतो. घरचे म्हणतात आजार बळावला, आणि डोनेपेझिलचा डोस वाढतो. अशा घरात डोनेपेझिल लागू पडलं की नाही, हे कुणीच सांगू शकत नाही. आधी ती मधली गोळी जायला हवी.

वाईट आठवड्यावरूनही निकाल लावू नका. चार दिवसांत एकदम बिघडलेली परिस्थिती अल्झायमरची नसते. लघवीचा संसर्ग, तुंबलेलं पोट, पाणी कमी पडणं, न्यूमोनिया, किंवा पडल्यानंतर डोक्यात हळूहळू साचलेलं रक्त, यांतलं काही तरी असतं. म्हाताऱ्या माणसाला संसर्गात ताप येईलच असं नाही, नुसतं भ्रमात बोलणं हे एकच लक्षण असू शकतं. तिथं गोळीचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. बी१२ आणि थायरॉइडची तपासणी निदानाच्या वेळी झाली नसेल तर तीही उरकून घ्या.

डिमेन्शियाचा प्रकारही पाहावा लागतो, अल्झायमर हा त्यातला एक. लेवी बॉडी प्रकारात या गोळ्यांचा फायदा कधी कधी थक्क करणारा असतो. नसलेली माणसं दिसणं कमी होतं, दिवसा गुंगीत राहणारा माणूस जागा होतो. (या प्रकारात भ्रम आवरायला देतात ती हॅलोपेरिडॉलसारखी औषधं जिवावर बेतू शकतात, निदानाच्या कागदावर हे नाव असेल तर ते प्रत्येक डॉक्टरला सांगा.) मेंदूचा पुढचा आणि बाजूचा भाग झिजतो त्या फ्रंटोटेम्पोरल प्रकारात मात्र डोनेपेझिलचा उपयोग नाही, उलट चिडचिड वाढू शकते. रक्तवाहिन्यांमुळे होणाऱ्या प्रकारात फायदा असला तर थोडका.

मेमँटिनबद्दल थोडं. ते वेगळ्या वाटेनं काम करतं, ग्लुटामेट या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनाच्या. मध्यम ते तीव्र आजारात त्याचा पुरावा आहे. २० गुणांवर तुमच्या आई सौम्य आणि मध्यम यांच्या सीमेवर आहेत, आणि सौम्य अवस्थेत त्यानं काही भर पडते याचा पुरावा कच्चा आहे. त्यानं चक्कर, बद्धकोष्ठ, डोकेदुखी होऊ शकते, आणि मूत्रपिंड बरंच कमजोर असेल तर डोस निम्मा करावा लागतो, म्हणून क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट हाताशी हवा. दोन्ही गोळ्यांमध्ये पाच महिन्यांचं अंतर होतं हे बरं झालं. एकदम सुरू केल्या असत्या तर कुणाचा गुण आणि कुणाचा दोष, काहीच कळलं नसतं. कमी करतानाही हेच. एका वेळी एकाच गोळीला हात लावायचा.

लेकॅनेमॅब आणि डोनानेमॅब या नव्या इंजेक्शनांबद्दल मला रोज विचारणा होते. ती आजाराच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यासाठी आहेत आणि त्यांच्यासोबत वारंवार एमआरआय करावे लागतात. लेकॅनेमॅबच्या मोठ्या चाचणीत १८ महिन्यांनी, १८ गुणांच्या मोजपट्टीवर ०.४५ चा फरक निघाला. एका माणसाकडे बघून घरच्यांना तो कळणं शक्य नाही, त्यामुळे या वहीची पद्धत तिथं चालत नाही.

आता भावाचा मुद्दा, गोळ्या बंद करण्याचा. तो हट्ट करतोय असं समजू नका. २०१८ साली फ्रान्सनं डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, गॅलँटामिन आणि मेमँटिन या चारही औषधांचा खर्च सरकारी विम्यातून देणं बंद केलं, फायदा फार तोकडा आहे म्हणून. त्याच वर्षी ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनी सांगितलं की केवळ आजार तीव्र झाला एवढ्या कारणावरून डोनेपेझिलच्या जातीची औषधं बंद करू नका. पुरावा बराचसा तोच, दोन देशांचे निर्णय दोन. तुम्हा भावंडांचं मत जुळत नाही यात नवल नाही.

बंद केल्यावर काय होतं, याचा एक चांगला अभ्यास ब्रिटनमध्ये झाला, २०१२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. आधीपासून डोनेपेझिल घेणारे, मध्यम ते तीव्र आजाराचे २९५ रुग्ण त्यात होते. ज्यांची गोळी चालू ठेवली, त्यांचे वर्षभरातले गुण बंद केलेल्यांपेक्षा ३० पैकी सरासरी १.९ नं जास्त राहिले. पुढं २०१५ मध्ये त्याच रुग्णांचा पाठपुरावा आला, त्यात गोळी बंद केलेल्यांना पहिल्या वर्षात शुश्रूषागृहात हलवावं लागण्याचं प्रमाण साधारण दुप्पट होतं, नंतरच्या वर्षांत मात्र फरक उरला नाही. म्हणजे सुधारणा दिसत नाही म्हणून गोळीनं काही धरून ठेवलेलं नसतं, असं म्हणता येत नाही.

आणि कधी कधी बंद केल्यावरच ते कळतं. एका निवृत्त गृहस्थांच्या मुलीला खात्री होती की गोळी फुकट चाललीय. मलाही तसंच वाटत होतं. आम्ही १० चे ५ केले, चार आठवड्यांनी बंद केली. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी ते बेसिनसमोर ब्रश हातात धरून उभे राहिले, पेस्ट लावलेली होती, पण पुढं काय करायचं ते त्यांना सुचेना. त्यांनी मुलीकडे बघितलं. आदल्या महिन्यापर्यंत दात त्यांचे तेच घासत होते. गोळी परत सुरू केली, तीनेक आठवड्यांत ते पुन्हा स्वतः दात घासू लागले. दुसऱ्या एका घरात, अंथरुणाला खिळलेल्या आजींची गोळी थांबवली तर काहीही बिघडलं नाही, उलट त्यांची भूक परतली. दोन्ही प्रयोग मी योग्यच मानते.

प्रयोग करायचाच तर पद्धत ही. घरात शांत काळ निवडा, घर बदलायचंय, ऑपरेशन आहे, मुख्य सांभाळणारी व्यक्ती बाहेरगावी जातेय, अशा वेळी नको. १० चे ५ करा, चार आठवडे थांबा, मग बंद. तुमच्या तीन गोष्टी लिहीत राहा. पहिल्या सहा आठवड्यांत ठळक घसरण झाली तर डॉक्टरांशी बोलून परत सुरू करा. गेलेलं बहुतेक वेळा परत मिळतं, पण तशी हमी देता येत नाही, आणि हा धोका भावालाही आधी सांगून ठेवा. घसरण चार-सहा महिन्यांनी आली तर ती आजाराची, गोळी बंद केल्याची नाही. भोवळ येऊन पडणं किंवा नाडी फार मंदावणं असं गंभीर काही असेल, तर या पायऱ्या न पाळता डॉक्टर गोळी तडक थांबवतील, ते बरोबरच आहे.

तुमच्या बाबतीत मी असं सुचवेन : आधी दोन आठवडे नोंद. दरम्यान डॉक्टरांशी वजनाबद्दल बोलून डोनेपेझिल १० चं ५ करायचं का, ते ठरवा. रिव्हास्टिग्मिनचा त्वचेवर चिकटवायचा पॅच हाही पर्याय आहे, त्याच्या कॅप्सूलपेक्षा पॅचनं पोटाचा त्रास कमी होतो. मेमँटिन तेवढे दिवस आहे तसंच ठेवा. ५ वर वजन सावरलं आणि तीन गोष्टी टिकून राहिल्या, तर डोस तोच ठेवायचा. वजन सावरलं पण आई मंदावल्या, तर गोळी काम करत होती हे कळलं, मग पॅचकडे वळायला सबळ कारण मिळालं. काहीच बदललं नाही, तर भावाचं म्हणणं पुढच्या पायरीवर तपासून बघा.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा नोंदीचा कागद आधी आत पाठवा. आईंच्या समोर त्यांच्या चुका वाचून दाखवायची वेळ येऊ देऊ नका, ते त्यांना समजतं आणि लागतं. आणि एक गोष्ट त्यांनाच विचारा, ती आपण सगळेच विसरतो : ‘ही गोळी घेतल्यावर कसं वाटतं?’ वजन उतरत चाललेल्या एका बाईंच्या सगळ्या तपासण्या आमच्याकडे करून झाल्या होत्या. शेवटी मी त्यांच्याजवळ बसून हे विचारलं. तारीख, वार, माझं नाव, यांतलं काहीच त्यांना सांगता येत नव्हतं. पण त्यांनी पोटावर हात ठेवला आणि म्हणाल्या, ‘इथं सारखं ढवळतं. रात्री भयंकर स्वप्नं पडतात. मग सकाळी काही खावंसं वाटत नाही.’ रात्रीची गोळी आम्ही सकाळी, खाण्यानंतर द्यायला लागलो आणि डोस निम्मा केला. पुढच्या महिन्यात त्यांचं वजन एक किलोनं वाढलं होतं.